हात वर जाऊन काय करायचंय?

इचलकरंजीत फिजिओथेरपी करायला लागून मला चौदा वर्षं झाली. इथं खांदा, मान आणि कंबर याच तक्रारी जास्त. बारा-बारा तासांच्या पाळ्या, समोर माग, दिवसभर उभं राहणं. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून पुढचे काही तपशील बदललेत.)

ते काका चोपन्न वर्षांचे. जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. उजवा खांदा सहा महिने धरलेला. मधुमेह जुना, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी (एचबीए१सी) ९.६ टक्के, म्हणजे बरीच जास्त. मधुमेह असणाऱ्यांत फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांद्याचा सांधा आखडणं, जास्त दिसतो, त्यामुळे निदान अवघड नव्हतं. कोपर अंगाला टेकवून हात बाहेर फिरवायला सांगितला, तर जेमतेम पंधरा अंश. मी फिरवून बघितला, तरी तेवढाच. दुखणं मनाचं असतं तर माझ्या हाताला तो अडसर लागला नसता.

सहा आठवडे शेक झाला, सांधा मोकळा करून झाला, भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम शिकवून झाला. फरक नाही. घरी ते काहीच करत नव्हते. त्या मंगळवारी माझा आवाज चढला. "काका, तुम्ही मनावर घेतलं नाही तर मी तरी काय करू?"

ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, हात वर जाऊन काय करायचंय? वर गेला की परत मागावरच जायचं न्हवं?"

सांधा किती अंश वळतो ते मोजायचा गोनिओमीटर मी खाली ठेवला.

फिनलंडमधल्या जुळ्या भावंडांचा एक अभ्यास मी पूर्वी वाचला होता. १९७५ साली त्यांना चार साधे प्रश्न विचारले होते: जगण्यात रस वाटतो का, आनंद आहे का, जगणं सोपं वाटतं की जड, एकटं वाटतं का. त्यांतल्या २२ हजारांहून अधिक निरोगी माणसांवर पुढं वीस वर्षं लक्ष ठेवलं. असमाधानी पुरुषांत मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. दारू, तंबाखू, व्यायामाचा अभाव हे सगळं हिशेबात धरल्यावर फरक कमी झाला, पण पुसला गेला नाही. वाचलं होतं, आणि चौदा वर्षांत एकाही पेशंटला यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. दुखणं दहापैकी किती, हे मात्र रोज विचारत होते.

त्या दिवशी चारही विचारले.

"रस म्हणाल तर, पोरगं शिकत होतं तवर होता." मग बराच वेळ गप्प. "मला आयटीआय करायचं होतं. वडील गेले, बारावं झालं आन् मी मागावर उभा राहिलो." एकटेपणाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "मागांच्या आवाजात कुणाचं काय ऐकू येत नाही. आता घरात बी बोलायची सवय गेली."

साखरेच्या गोळ्या आठवल्या तर घ्यायचे. झोप तीन-चार तास. दिवसाला तंबाखूच्या पाच-सहा पुड्या. जीव द्यावासा वाटतो का, हेही मी सरळ विचारलं. "तसलं काय नाही. कशात मनच नाही बघा." म्हणजे मन उडालं म्हणून गोळ्या चुकल्या, गोळ्या चुकल्या म्हणून साखर वाढली, खांदा धरायला तिनं हातभार लावला, खांद्यानं मजुरी बुडवली आणि मन आणखी उडालं. अशा माणसाला "टेन्शन घेऊ नका" म्हणून घरी पाठवणं मला आता गुन्हा वाटतो.

त्यांच्या डॉक्टरांना मी तिथूनच फोन लावला. साखरेबरोबर मनाचीही तपासणी करा म्हटलं. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिला. व्यायाम पाचावरून दोनावर आणले, आणि मागाचं नावसुद्धा काढलं नाही.

कागदाची घडी खिशात घालून ते दारापर्यंत गेले आणि मागं वळले.

"मंडळीचा गुडघा दुखतोय कवापास्नं. तिला घिऊन येतो. पर मॅडम, गुडघा मागनं बघा. आधी हे चार इचारा."