नाचायला लावणारे आणि ऊब पुरवणारे

आयर्लंडची राजधानी डब्लिनच्या पश्चिमेला ग्रेंज कॅसल नावाची औद्योगिक वसाहत आहे. बसमधून तिथल्या लांबच लांब, राखाडी इमारती दिसतात. खिडक्या जवळजवळ नाहीत, माणसांची वर्दळ नाही. ही डेटा सेंटरं. मायक्रोसॉफ्टची आहेत, गूगलची आहेत. आपण फोनवर साठवतो ते फोटो, एआयला विचारतो ते प्रश्न, सगळं अशाच इमारतींत जातं.

या इमारती वीज किती खातात? आयर्लंडमध्ये मीटरवर नोंदलेल्या एकूण विजेपैकी २०१५ साली ५ टक्के वीज डेटा सेंटरांना लागायची. २०२३ मध्ये हा वाटा २१ टक्क्यांवर गेला. त्याच वर्षी शहरांतल्या सगळ्या घरांनी मिळून वापरली १८ टक्के. हे वाचलं तेव्हा मी हादरलोच.

हवेत सोडतो त्याहून जास्त कार्बन २०३० पर्यंत काढून घेऊ, असं मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जाहीर केलं होतं. गूगलनेही नेट झीरोसाठी, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढा काढून घेण्यासाठी, २०३० सालच धरलं. मग चॅटजीपीटी आलं आणि दोघांत एआयची चढाओढ पेटली. २०२३ च्या फेब्रुवारीत मायक्रोसॉफ्टचे सीईओ सत्या नाडेला एका मुलाखतीत म्हणाले, आम्ही गूगलला नाचायला लावलं हे लोकांना कळायला हवं. पुढच्या वर्षी दोन्ही कंपन्यांचे पर्यावरण अहवाल आले. मायक्रोसॉफ्टचं उत्सर्जन २०२० च्या तुलनेत सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेलं, गूगलचं २०१९ च्या तुलनेत ४८ टक्क्यांनी. ही ईर्ष्या मला खटकते. इतकी हुशार माणसं, हाताशी इतका पैसा, आणि सगळी जिद्द आधी कोण पोचतो यावर खर्ची पडते आहे.

लगाम घातला तो स्थानिक कौन्सिलने. २०२४ च्या ऑगस्टमध्ये साउथ डब्लिन काउंटी कौन्सिलने ग्रेंज कॅसलमधल्या गूगलच्या नव्या डेटा सेंटरला परवानगी नाकारली. ग्रिडची, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या जाळ्याची, तेवढी क्षमता नाही आणि जागेवर अक्षय ऊर्जेची म्हणावी तशी सोय नाही, ही त्यामागची कारणं. एवढ्या मोठ्या कंपनीला असं स्पष्ट सांगायला धाडस लागतं, आणि मला त्याचं फार कौतुक वाटतं.

जवळच टॅला भागात वेगळंही काही घडलंय. ॲमेझॉनच्या डेटा सेंटरमधून बाहेर पडणाऱ्या उष्णतेवर, ती उष्णता आणखी वाढवणाऱ्या हीट पंपाची जोड देऊन, पाणी तापवतात. ते पाइपांतून कौन्सिलच्या इमारतींत आणि टीयू डब्लिन या विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये फिरवतात. २०२३ पासून तिथले लोक त्या उबेत बसून काम करतायत, शिकतायत. या पाइपांवरून एखाद्या सीईओने प्रतिस्पर्ध्याला जाहीर डिवचलेलं मला ऐकायचंय.