क्राकोची कुलूपं

इटलीत जायचं ठरलं तेव्हा माझ्या यादीत रोम नव्हतं, व्हेनिसही नव्हतं. क्राको होतं. दक्षिणेच्या बासिलिकाता प्रांतातलं, माटेरा जिल्ह्यातलं एक गाव, जिथे आता कुणी राहत नाही. सोबत येणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "पडक्या घरांत काय बघायचंय?" तिला उत्तर दिलं नाही. आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र संपत असताना, 3 वाजून 56 मिनिटांनी ते पडलं. मी नऊ वर्षांची होते. पडकं गाव मी आयुष्यभर बघत आलेय, पण दुसऱ्यांचं कधी बघितलं नव्हतं.

नेपल्सहून भाड्याची गाडी घेतली. वाटेत, बासिलिकाताच्या हद्दीशी, रोमान्यानो आल मोन्ते लागतं. डोंगराच्या नाकावर उभं असलेलं हे गाव 23 नोव्हेंबर 1980 च्या भूकंपाने रिकामं केलं. रविवारची संध्याकाळ होती. इर्पिनियाच्या त्या भूकंपात सगळी मिळून तीन हजारांच्या आसपास माणसं गेली. रोमान्यानोच्या लोकांना जवळच नवं गाव बांधून दिलं. आम्ही रस्त्याच्या कडेला उभं राहून समोरची छप्पर नसलेली घरं पाहिली आणि पुढे निघालो. तिथे मला फार वेळ थांबवेना.

माटेराहून क्राको गाडीने तासाभराच्या अंतरावर. जूनमध्ये दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू, आणि मध्येच जमीन फाटल्यासारखे पांढुरके, चिकणमातीचे उघडे उतार. त्यांना तिथे 'कालांकी' म्हणतात. पावसाने मातीला घळीच घळी पडलेल्या, गवताचं पातं नाही. एका वळणावर अचानक क्राको दिसतं. चारशे मीटरपेक्षा जराशा कमी उंचीच्या टेकडीच्या माथ्यावर नॉर्मन राजवटीतला चौकोनी बुरूज, आणि त्याच्या पायाशी एकमेकांच्या खांद्यावर चढलेली घरं. लांबून गाव जितंजागतं वाटतं. जवळ गेलं की खिडक्यांतून पलीकडचं आभाळ दिसतं.

आत एकट्याने फिरता येत नाही. तिकीट काढायचं, डोक्याला हेल्मेट घालायचं, वाटाड्यासोबत आखलेल्या वाटेनेच जायचं. आमची वाटाडी तिशीतली मुलगी होती. तिची आजी याच गावची. आजीचं घर कुठलं ते तिने बोटाने दाखवलं, पण तिकडची वाट बंद होती.

या गावाला काही एका रात्रीत मारलं नाही. गावाचं नाव 1060 सालच्या कागदपत्रात येतं, म्हणजे वस्ती हजार वर्षांची. 1892 ते 1922 या तीस वर्षांत इथून तेराशेहून अधिक माणसं अमेरिकेकडे गेली, कारण या चिकणमातीत सगळ्यांचं पोट भरेना. उरलेल्यांच्या पायाखालची तीच माती सरकत राहिली. 1963 मध्ये मोठी दरड आली आणि सुमारे अठराशे लोकांना खाली खोऱ्यात, क्राको पेस्किएरा नावाच्या नव्या वस्तीत हलवायला सुरुवात झाली. गावात आधुनिक सोयी आणताना केलेली पाण्याची आणि सांडपाण्याची कामं या दरडीला कारणीभूत ठरली असं म्हणतात. ज्या नळाची इतकी वर्षं वाट पाहिली, त्याच कामाने टेकडी भिजवली. 1972 च्या पुराने उरलीसुरली आशा घालवली, 1980 च्या भूकंपाने शेवटची माणसंही उतरवली.

हे ऐकताना मी मनात सारखी तुलना करत होते. आमच्याकडे विचार करायला वेळच मिळाला नाही. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद, झोपेतच सगळं अंगावर आलं. क्राकोत जीव वाचले, पण भिंतीला तडा जाताना रोज बघत राहायचं, हेही काही सोपं नसणार.

चढाची गल्ली अरुंद, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढी. एका घराची दर्शनी भिंत गेली होती, त्यामुळे आतली निळी रंगवलेली खोली सरळ दिसत होती. आमच्याकडे नीळ घातलेल्या चुन्याच्या भिंती असायच्या, अगदी तसाच निळा. भिंतीत कोनाडा. दिवा ठेवायच्या देवळीएवढा. चुलीच्या वरचं छत धुरकटलेलं. वरच्या मजल्याला टेकून एक अंजीर उगवलं होतं, त्याच्या मुळांनी दोन दगड धरून ठेवले होते की ढकलले होते, ते कळेना. कबुतरांच्या फडफडीशिवाय आवाज नव्हता. मैत्रीण मला काही विचारणार होती, पण माझ्याकडे बघून थांबली. तिचे मी अजून आभार मानलेले नाहीत.

2010 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने क्राकोचं नाव धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातलं. ते योग्यच झालं. पण आमच्या जुन्या गावठाणांचं असं काहीच झालं नाही, त्यावर बाभळी वाढल्या, आणि याचं मला त्या गल्लीत उभं राहून फार वाईट वाटलं.

दुपारी क्राको पेस्किएरात गेलो. पर्यटक सहसा तिकडे वळत नाहीत, मला मात्र तेच बघायचं होतं. सपाटीवरची वस्ती, सरळ रस्ते, सारखी घरं. बाकावर तीन म्हातारे बसले होते, तिघांची तोंडं टेकडीकडे. हे दृश्य मला इतकं ओळखीचं होतं की मी गाडीतून उतरलेच नाही थोडा वेळ. आमचं पुनर्वसन झालं तेव्हा जमिनीच्या मानाने 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. घरं भक्कम होती, रस्ते रुंद होते. पण अडीचशेवाले एकीकडे आणि साडेसातशेवाले दुसरीकडे झाले आणि आमची गल्ली पांगली. आईला भिंतीवरून वाटी द्यायला शेजारीणच उरली नाही.

तिथल्या छोट्या खाणावळीत पेपेरोनी क्रुस्की खाल्ल्या: उन्हात वाळवून तेलात तळलेल्या लाल मिरच्या. आपल्या सांडगी मिरचीसारख्या कुरकुरीत, पण तिखटपणा नाही, उलट गोडसर. सोबत माटेराचा जाड सालीचा पाव. मालकीणबाईंनी आम्ही कुठून आलो ते विचारलं. भूकंपाच्या गावची आहे म्हटल्यावर त्यांनी ताटात आणखी मिरच्या वाढल्या, आणि बिलात त्या धरल्या नाहीत.

रात्री माटेराहून दादांना व्हिडिओ कॉल केला. फोटो आधीच पाठवले होते, त्यांनी एकेक मोठा करून पाहिला होता. भूकंपाबद्दल ते सहसा बोलत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या पिवळ्या घराच्या दाराला काय लटकतंय?"

मी फोटो उघडला. मागे छप्पर नव्हतं, एका बाजूची भिंतही नव्हती, पण चौकटीत दार होतं आणि कडीला गंजून लाल झालेलं कुलूप.

"कुलूप आहे, दादा."

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

"मग माघारी यायचं होतं त्यांना," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाकीचे फोटो पुन्हा पाहिले. आणखी चार दारांना कुलूपं होती.