टायटॅनिकची नव्हे हो, ऑलिम्पिकची!

इंग्लंडमधले आठ दिवस. त्यातल्या सातांबद्दल एवढंच, की लंडन पाहिलं, पाय दुखले. आठव्या दिवशी न्यूकॅसलहून बसने अ‍ॅनिकला गेलो. (स्पेलिंगमध्ये एल आणि डब्ल्यू आहेत. तिकीट काढताना मी दोन्ही उच्चारले, ड्रायव्हर गालातल्या गालात हसला.) लोक तिथे किल्ला बघायला जातात. मला व्हाइट स्वान हॉटेलातली एक खोली बघायची होती. "एवढ्या लांब येऊन भिंती बघायच्या?" बायको म्हणाली, पण आली.

खोली रिकामी होती. ओकच्या लाकडावर कोरलेली वेलबुट्टी, मोठाले आरसे. कुणी बघत नाही असं पाहून मी एका पानावरून बोट फिरवलं. हे सगळं टायटॅनिकची थोरली बहीण असलेल्या ऑलिम्पिक या बोटीतून काढून आणलेलं. बेलफास्टला बांधलेली ही बोट १९११च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला निघाली तेव्हा जगात सर्वांत मोठी होती, २६९ मीटर लांब. तीन प्रॉपेलर. कडेचे दोन दट्ट्याच्या इंजिनांवर, आणि त्या इंजिनांतून बाहेर पडलेली वाफ फुकट न घालवता मधल्या प्रॉपेलरच्या टर्बाइनला. आमची आई भाताची पेजही फेकत नसे, तसलाच हिशेब. धुराडी मात्र चार, त्यातलं चौथं मुख्यतः हवा खेळती ठेवायला. रुबाब!

तेवढ्यात एक जोडपं आत डोकावलं. "टायटॅनिक!" म्हणत चार फोटो काढून गेलं. माझं डोकंच फिरलं. अहो, ती धाकटी पहिल्याच फेरीत बुडाली. ही थोरली चोवीस वर्षं राबली. पहिल्याच वर्षी हॉक या युद्धनौकेशी टक्कर झाली, तरी स्वतःच्या बळावर साउथॅम्प्टनला परतली. पहिल्या महायुद्धात सैनिक वाहिले, १९१८मध्ये एका जर्मन पाणबुडीला धडकून ती बुडवली. 'ओल्ड रिलायबल' हे नाव तिने कमावलेलं. कौतुकाच्या भरात लपवत नाही: १९३४मध्ये धुक्यात तिने नॅन्टकेट दीपनौकेला (समुद्रात नांगरलेलं तरंगतं दीपगृहच ते) धडक दिली, त्यात सात माणसं गेली.

पुढच्या वर्षी ती मोडीत निघाली, न्यूकॅसलजवळच्याच जॅरोला. तिथला जहाजबांधणीचा कारखाना बंद पडला होता, गावात बेकारी. जहाजं बांधणाऱ्या गावाला जहाज तोडायचं काम मिळालं. सामानाचा लिलाव झाला आणि या भिंती अ‍ॅनिकला आल्या.

हे सगळं मी बायकोला ऐकवत होतो. ती त्या आरशात बघून पावसात विस्कटलेले केस नीट करत होती. मध्येच म्हणाली, "माझगावच्या आत्यांकडे न्हाणीघराला दारुखान्यातून, जुन्या बोटी तोडायचे तिथून, आणलेलं बोटीचं दार होतं ना? पितळी कडीचं?"

होतं. कुठल्या बोटीचं, ते आत्याला कधी विचारलं नाही. चाळ पाडली तेव्हा भंगारवाला घेऊन गेला.