दिवा लागला म्हणजे झालं?

टेबलावर न्यूक्लिओ, म्हणजे एसटी कंपनीच्या एसटीएम३२ चिपचा सरावाचा बोर्ड, त्यावरचा लाल दिवा लागलेला, आणि पडद्यावर मात्र ‘एसटी-लिंक सापडला नाही’. एसटी-लिंक म्हणजे बोर्डावरचाच डीबगर, चिपमध्ये कोड टाकणारा आणि तो तपासू देणारा भाग. दिवा लागलाय म्हटल्यावर केबलवर कोण कशाला संशय घेईल? सगळा राग ड्रायव्हरवर. तो काढायचा, पुन्हा टाकायचा, मशीन रीस्टार्ट करायचं, मग आयडीई, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअरसुद्धा नव्याने टाकून बघायचं. केबल बदलायचं सुचतं ते सगळे उपाय थकल्यावर.

दिव्याला दोन तारा पुरतात, पाच व्होल्ट आणि ग्राउंड. बोलण्यासाठी आणखी दोन लागतात, डी प्लस आणि डी मायनस. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये त्या नसतातच, आणि बाहेरून काही कळत नाही. अशी केबल सापडली की सरळ कात्रीने कापावी. ‘असू दे, चार्जिंगला होईल’ म्हणून खोक्यात टाकली, की पुढच्या वेळी नेमकी तीच हाताला लागते.

दिवा लागलाय एवढंच बघू नये, कसा लागलाय ते बघावं. न्यूक्लिओ-६४ वर यूएसबीच्या तोंडाशी एलडी१ नावाचा दिवा असतो, त्याच्याकडे जरा बघत बसावं. लाल संथ मिचकावतोय? यूएसबीची ओळखच झालेली नाही. भरभर मिचकावला तर पहिली बोलाचाली झाली. लाल स्थिर झाला की संगणक आणि एसटी-लिंकचं जमलं. हिरवा म्हणजे पुढच्या चिपशीही बोलणं झालं, आणि नारिंगी म्हणजे फिसकटलं. एवढी माहिती फुकट मिळत असताना लोक ड्रायव्हरची आवृत्ती शोधत बसतात!

लिनक्सवर डीमेसग, म्हणजे कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड, चालू ठेवून केबल लावावी. एकही नवी ओळ आली नाही तर केबल किंवा पोर्ट. ‘एरर -७१’ आला तर तारेवर संवाद बिघडतोय. आधी हब काढावा. एलएसयूएसबी या कमांडच्या यादीत ०४८३:३७४बी हा एसटी-लिंकचा क्रमांक दिसतंय, पण ओपनओसीडी हे डीबगिंगचं सॉफ्टवेअर परवानगी नाकारली म्हणतंय, तर यूडेव्हचा नियम, म्हणजे साध्या वापरकर्त्याला ते उपकरण वापरू देणारी नोंद, राहिलाय. नियम टाकल्यावर केबल काढून पुन्हा लावायची, हे हमखास विसरतं. सुडोने, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने चालतंय म्हणून तसंच रेटणारेही असतात. त्यांना काय बोलायचं. विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं, तर मात्र ड्रायव्हरला खुशाल बोल लावावा.

आणि कधीकधी डीबगर दिसत असतो, चिपच दिसत नसते. तक्रार दोन्हींची एकाच सुरात होते, रोग वेगळे. बोर्डावर सीएन२ लिहिलेल्या जागेवरचे दोन जंपर, म्हणजे एसटी-लिंकला चिपशी जोडणाऱ्या छोट्या टोप्या, आधी बघावेत. दुसरा बोर्ड प्रोग्रॅम करायला काढलेले असतात आणि परत लावायचे राहतात. ते जागेवर असतील तर पीए१३ आणि पीए१४ हे चिपचे डीबगचे पिन बघा. क्यूबएमएक्समध्ये, म्हणजे एसटीच्या कोड बनवून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एसटीएम३२च्या एफ१ मालिकेसाठी डीबग ‘सीरियल वायर’वर न नेता कोड बनवला, तर तो कोड चालू होताच डीबगची दारं आतून लावून घेतो. एकदा प्रोग्रॅम होतो, दुसऱ्यांदा नाही. तेव्हा रीसेट धरून जोडायचं, म्हणजे ‘कनेक्ट अंडर रीसेट’. रीसेटची तारच जोडलेली नसेल तर बूट० नावाचा पिन हाय करून चिपला बूटलोडरमध्ये, म्हणजे तिच्यात आधीपासून असलेल्या कोड भरायच्या प्रोग्रॅममध्ये, न्यायचं आणि जुना कोड पुसायचा.

हे सगळं करूनही काही वेळा नुसतं संगणकाच्या मागच्या पोर्टला लावलं की चालतं. का, ते बघायला कोणी थांबत नाही. ब्रेकपॉइंट लागला, म्हणजे कोड हवा तिथे थांबला ना, मग जाऊ द्या.