तुम्ही विचारलंत म्हणून: आपलं विमानतळ परवडतंय का?

“मॅडम, तुमची पीएचडी विमानतळावर आहे ना? मग सांगा की, आपलं विमानतळ फायद्यात का तोट्यात?” ९ जून २०२५ ला सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झाल्यापासून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला याचा हिशोब मी ठेवलेला नाही, आणि गंमत म्हणजे असले हिशोब ठेवणं हाच माझा धंदा आहे. दाताच्या डॉक्टरांनी तोंडात आरसा घालून विचारलंय. चुलतभावाच्या हळदीत विचारलंय. कॉलेजचे शिपाईकाका तर रोज विमानाचा आवाज आला की माझ्याकडे बघतात, जणू ते मीच सोडलंय.

मी आत्तापर्यंत “बघू की, अजून लवकर आहे” म्हणून सुटत होते. त्यावर लोक म्हणतात, मॅडमना माहितीये पण सांगत नाहीत. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते, आणि विमानतळासाठी पाडलेल्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीचं प्रकरण पहिल्यापासून सांगायला लावू नका, त्यावरून या गावात फक्त सोयरिकी मोडायच्या बाकी राहिल्या होत्या.

पहिली गोष्ट म्हणजे फायदा-तोटा हा माझा विषयच नाही. विमानतळाने चार्जेस वाढवले, दुकानांचं भाडं वाढवलं, तरी फायदा वाढतो, काम मात्र काल होतं तेवढंच असतं, आणि गावात दुसरं विमानतळ नसल्यामुळे गिऱ्हाईक चिडून जाणार तरी कुठे? म्हणून तर मोठ्या विमानतळांचे दर ठरवायला आपल्याकडे २००९ पासून एरा नावाचं वेगळं प्राधिकरण आहे. मी मोजते ते असं: इतकी धावपट्टी, इतकी टर्मिनलची जागा, इतकी माणसं, इतका खर्च, आणि त्यातून किती प्रवासी, किती माल, किती विमानांची ये-जा निघाली. प्रवासी आणि माल एकत्र मोजायचे तर वर्क लोड युनिट धरतात, एक प्रवासी म्हणजे एक युनिट आणि शंभर किलो माल म्हणजेही एक युनिट. म्हणजे चादरीचे दोन बरेसे गठ्ठे आणि एक जिवंत सोलापूरकर यांची किंमत सारखीच. आमच्या आप्पांना हे फार आवडलं होतं.

आप्पा यंत्रमागावर होते, टॉवेलच्या. त्यामुळे इफिशियन्सी हा शब्द मी शाळेत नाही, घरात शिकले. माग न थांबता चालला असता तर किती पीक, म्हणजे आडवे धागे, पडले असते आणि पाळी संपताना काउंटरवर किती दिसतात, याचा भागाकार. तार तुटली, कांडी संपली, बीम बदलायचा आला, की आकडा खाली. लाईट गेली तरी खालीच. आप्पा म्हणायचे, लाईट गेली की मागाचा आकडा पडतो आणि मजुरी आमची पडते.

माझी पद्धत याच्याच जरा पुढची. डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस म्हणतात, चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तिघांनी १९७८ मध्ये मांडली, आणि खरं तर ती अमेरिकेतल्या गरीब मुलांसाठीच्या शाळांच्या कार्यक्रमाचं मूल्यमापन करताना निघाली, विमानं नंतर आली. सोपं करून सांगायचं तर तेवढ्याच साहित्यात सगळ्यात जास्त काम काढणारे जे कोण असतील त्यांच्या डोक्यावरून एक दोरी ताणायची आणि बाकीचे त्या दोरीच्या किती खाली आहेत ते मोजायचं. दोरीला टेकलेला म्हणजे १, खालचे ०.८, ०.४ वगैरे. यात एक मेख आहे. कोणत्या गोष्टीला किती वजन द्यायचं हे प्रत्येक विमानतळासाठी त्याच्या सोयीने ठरतं, म्हणजे प्रत्येक पोराला त्याच्या आवडीच्याच विषयाचे मार्क धरून नंबर द्यायचे. मोजायच्या गोष्टींचे रकाने जास्त आणि विमानतळं कमी असली की जवळजवळ सगळेच पहिले येतात. माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये हेच झालं होतं आणि मी आठवडाभर खुश होते, भारतातली बरीचशी विमानतळं एकदम कार्यक्षम निघाली म्हणून!

माणसं मोजणं हा आणखी एक घोळ. साफसफाई कंत्राटावर दिली की ती माणसं पगारपत्रकातून गायब होतात आणि एका कर्मचाऱ्यामागचे प्रवासी एका रात्रीत वाढतात. दिल्ली-मुंबईला टर्मिनल खासगी कंपनी चालवते पण हवाई वाहतूक नियंत्रण विमानतळ प्राधिकरणाचं आणि सुरक्षा सीआयएसएफची, मग ती माणसं कोणाच्या नावावर टाकायची? मी टाकली एका पद्धतीने. दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टाकली तर त्याची यादी वेगळी येणार, आणि दोघंही प्रामाणिक.

डेटा गोळा करताना एका लहान विमानतळावर गेले होते, नाव नको. तिथल्या साहेबांना मी त्यांचा स्कोअर दाखवला, फार खाली होता. ते चिडले नाहीत, मला बाहेर नेऊन आगीची गाडी दाखवली. म्हणाले, मॅडम, कुठल्या कॅटेगरीची फायर सर्व्हिस ठेवायची हे मुख्यतः सगळ्यात लांब विमान किती लांब त्यावर ठरतं. त्याच लांबीचं विमान दिवसाला एकदा येऊ दे नाहीतर वीसदा, फोम तेवढाच लागतो, आणि तीन मिनिटांच्या आत धावपट्टीच्या टोकाला पोचायचं म्हणजे माणसं तयारीत बसलेली पाहिजेत. “आमची माणसं रिकामी बसतात हेच त्यांचं काम आहे.” मी मान हलवली, वहीत लिहून घेतलं, आणि प्रबंधात ते वाक्य “स्थिर निविष्ठांची अविभाज्यता” असं करून टाकलं. आता वाचताना लाज वाटते. आपल्याकडे मुंबईचं जे पंचाहत्तरएक सीटचं विमान १५ ऑक्टोबर २०२५ पासून येतं ते आणि इंडिगोचं मोठं ए-३२० ही दोन्ही लांबीप्रमाणे फायरच्या एकाच, सहाव्या कॅटेगरीत बसतात. म्हणजे तयारी मोठ्या विमानतळासारखी आणि विमानं हाताच्या बोटांवर. स्कोअर खाली येणारच, त्याला मॅनेजर काय करणार.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. फेब्रुवारी २०२५. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी ऑनलाइन उद्घाटन करून चार महिने झालेले, टर्मिनल चकाचक आणि विमान एकही नाही. व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने मला भाषणाला बोलावलं. मी लॅपटॉप घेऊन गेले, लहान विमानतळांची यादी पडद्यावर लावली, रंगीत. पाचेक मिनिटांत मागून आवाज आला, “आपलं कुठंय ओ यात?” मी म्हणाले, आपलं नाही, कारण आउटपुट शून्य आहे आणि सगळीकडे शून्य असलेल्याला यादीत धरून उपयोग नाही. हॉल हसला. मला वाटलं, जमतंय. मग मी अजून एक विनोद केला, तो इथे लिहीत नाही.

तिसऱ्या रांगेतले एक काका उठले. सत्तरीचे असतील, पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी होती ती हातात धरून उभे राहिले. म्हणाले, मी कारखान्यात बॉयलरवर होतो, तीस वर्षं. मला इंग्रजी येत नाही, पण पडद्यावर मॅडमनी जे रकाने केलेत ते कळाले. जागा आहे, माणसं आहेत, पैसा आहे. मग ती चिमणी पाडली त्याचा खर्च कुठल्या रकान्यात धरलाय?

हॉल गप्प झाला, कारण तिथे दोन्ही बाजूची माणसं होती. मला खरं तर “धरलेला नाही” एवढंच म्हणायचं होतं. त्याऐवजी मी म्हणाले, “काका, तो विमानतळाचा इनपुट नाही, मॉडेलच्या बाहेरचा आहे.” आणि वर समजावल्यासारखं हसले. ते हसणं मला आजही दिसतं, कोणीतरी मोबाईलवर रेकॉर्ड केलं होतं आणि मी ते दोनदा बघितलंय. काका म्हणाले, “बरं.” खाली बसले, पिशवी परत मांडीवर घेतली. चहाच्या वेळी मी त्यांना शोधलं तर ते निघून गेले होते.

तसं बघितलं तर माझं उत्तर बरोबर होतं, आणि हेच मला टोचतं. चिमणी उभी होती तेव्हा मोठं विमान उतरणं शक्य नाही असं सांगितलं जात होतं, १५ जून २०२३ ला ती पाडली, त्यानंतर धावपट्टी कामाची झाली. म्हणजे माझ्या टेबलात धावपट्टी आयती मिळते, फुकट, आकाशातून पडल्यासारखी. पाडणं योग्य का अयोग्य यावर मी बोलणार नाही, माझ्या घरातच दोन मतं आहेत. पण किंमत दिली गेली आणि ती माझ्या कागदावर कुठेच नाही, हे त्या माणसाला पडद्याकडे बघून पाच मिनिटांत कळलं आणि मला सात वर्षांत कळलं नव्हतं.

घरी येऊन आप्पांना सांगितलं. मला वाटलं धीर देतील. ते म्हणाले, “लाईट गेल्यावर मुकादम असंच हसायचा.” आणि टीव्ही लावला.

त्यानंतर बरेच दिवस मी स्वतःशीच भांडत होते. २०१९ मधली मी म्हणते, मोजलं नाही तर प्रत्येक गावाला विमानतळ पाहिजे आणि प्रत्येक पुढाऱ्याला फीत पाहिजे, कुठेतरी आकडा लागतोच. तिचं चूक आहे असं मी म्हणू शकत नाही. लहान गावांच्या विमानांना सबसिडी देणाऱ्या उडान योजनेवरचा कॅगचा २०२३ चा अहवाल बघा, ७७४ मार्ग दिले, त्यातले ३७१ सुरू झाले, तीन वर्षं पूर्ण केली ११२ नी, आणि मार्च २०२३ पर्यंत टिकलेले ५४. सबसिडी संपली की विमान संपतं, असं बऱ्याच ठिकाणी झालंय. सोलापूर त्यातलं होणार नाही असं छातीठोक सांगणारे माझ्याकडे येऊन पुरावा मागतात, आणि होणारच असं सांगणारेसुद्धा माझ्याकडेच येतात.

पण आत्ताची मी त्या २०१९ वालीला विचारते, मुंबईचं काय? मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात म्हणून एका वेळी एकच वापरायची, आणि त्या एकीवर नोव्हेंबर २०१७ मध्ये एका दिवसात ९६९ विमानांची ये-जा झाली. दोरीला टेकलेली मुंबई. मग विमान समुद्रावर घिरट्या घालत बसतं तो प्रवाशांचा वेळ आणि ते इंधन कोणाच्या रकान्यात? आणि मुंबईत उतरायला स्लॉट, म्हणजे ठरलेली वेळ, मिळाल्याशिवाय सोलापूरहून उडता येत नाही. म्हणजे मुंबई जितकी ठासून भरलेली, तितका तिचा आकडा सुंदर आणि तितका आमचा आकडा केविलवाणा, आणि मी दोघांना एकाच यादीत बसवून नंबर देते. माग एक, लाईट दुसऱ्याच्या हातात.

आणि सोलापूरकराला विमान नाही तर दुसरं काय, हेही बघायला पाहिजे ना. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसला झोपलं की सकाळी मुंबई, वंदे भारतने साडेसहा तासांत. ज्या गावाला अशी ट्रेन आहे तिथलं विमान आणि ज्या डोंगरातल्या गावाचा रस्ता पावसात बंद पडतो तिथलं विमान, दोन्हींतला एक प्रवासी माझ्या टेबलात सारखाच एक युनिट. चादरीच्या गठ्ठ्यांइतकाच.

तर परवडतंय का? तुम्ही परत तेच विचारणार मला माहितीये. आजचा आकडा काढला तर वाईट येईल, तो मी काढलाय आणि कोणाला दाखवलेला नाही, यात थोडा शास्त्रीय सावधपणा आहे आणि थोडी भीती आहे, किती टक्के काय ते मला विचारू नका. दोन-तीन वर्षं विमानं टिकली तर परत काढीन. न टिकली तरी काढीन.

त्याच मंडळाने परत बोलावलंय. फाईल उघडून बसले होते परवा, धावपट्टी, टर्मिनल, कर्मचारी, खर्च, आणि पाचव्या रकान्याच्या डोक्यावर मी “चिमणी” असं टाइप केलं. खालच्या ओळीत एकक लिहायचं असतं, चौरस मीटर, रुपये, माणसं असं काहीतरी. आप्पा मागून डोकावून म्हणाले, “रुपये टाक, काय व्हतंय.” टाकलं, मग खोडलं. रकाना तसाच आहे, आणि भाषण रविवारी आहे.