आमची वाटचाल: तालीम त्यांच्याच खोलीत

आमची फर्म दोघींच्या भागीदारीतून उभी राहिली. भागीदार नर्तकी, मी नाटक बसवणारी. वृद्धाश्रम, कारागृहं, बालगृहं, दिव्यांग मुलांच्या शाळा, घरकाम करणाऱ्या बायकांचे गट अशा ठिकाणी आम्ही नृत्य आणि नाटक घेऊन जातो. बंदिवानांना बाहेर पडता येत नाही हे उघडच आहे. पण बाकीच्यांनाही नाट्यगृहापर्यंत पोचू न देणारं काहीतरी असतंच: तिकीट, दारातल्या चार पायऱ्या, रात्रीचा परतीचा प्रवास, घरी कुणाजवळ ठेवता न येणारं मूल. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या 27 व्या कलमानुसार समाजाच्या सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा आणि कलांचा आनंद घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. त्यातलं ‘भाग घेणं’ आम्ही मनापासून धरलं आहे.

सुरुवातीला मागणी तयार प्रयोगांची होती आणि आम्हीही तेच करायचो. घरकाम करणाऱ्या बायकांसमोर एकदा पगारवाढ मागण्याचा छोटा प्रवेश चालू होता. आमची नटी मालकिणीपुढे गप्प झाली आणि मागून आवाज आला, “अगं, सुट्टीचं आधी विचार, पैशाचं मग!” दुसरी म्हणाली, “दारात उभं राहून विचारूच नकोस. बसून बोल.” नटीनं सरळ तिलाच पुढे बोलावलं. ती आली, खुर्ची ओढून बसली आणि बोलायला लागली. मग तिसरी उठली, चौथी उठली. शेवटी तर मालकीण कोणी व्हायचं यावरून वाद, कारण तिचं बोलणं प्रत्येकीला तोंडपाठ होतं!

ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी 1970 च्या दशकात याचंच तंत्र घडवलं. प्रसंग पुन्हा सुरू करायचा, प्रेक्षकांतून कुणीतरी ‘थांबा’ म्हणायचं, पात्राची जागा घ्यायची आणि वेगळी वाट करून बघायची. त्याचा अभ्यास आम्ही केलेला होता. त्याची ताकद मात्र त्या दुपारी कळली. या माणसांकडे नाटक भरपूर आहे, कमी आहे ती तालमीची जागा आणि वेळ, हे तेव्हापासून आमचं ठाम मत आहे. प्रयोग कमी करत आम्ही तालमींकडे वळलो.

आता आमच्या करारात किमान एक सत्र असतं: दर आठवड्याला, ठरल्या वेळी, तेच दोन कलावंत. एका दिवसाच्या कार्यक्रमाला आम्ही नम्रपणे नकार देतो. बालगृहातल्या मुलांनी पाहुणे येताना, खाऊ वाटताना, फोटो काढून जाताना खूप पाहिलेले असतात. तोच ताई-दादा पुढच्या आठवड्यातही आला, की मूल रांगेतून पुढे येतं. फोटोंचा नियमही त्यातूनच आला. आमच्या जाहिरातीत मुलांचे चेहरे दिसत नाहीत.

खरं शिक्षण आमचं झालं ते तालमींत. कर्णबधिर मुलांसाठी लाकडी फळ्यांची जमीन मिळाली तर सोनंच. ढोल जमिनीला टेकवून वाजवला की ठेका तळपायांतून वर चढतो. सांकेतिक भाषेचा दुभाषी नटाच्या शेजारी, त्याच प्रकाशात उभा करायचा. कोपऱ्यात ठेवला तर बघणाऱ्याची नजर सारखी ये-जा करत राहते आणि प्रसंग निसटतो. न पाहणाऱ्या प्रेक्षकांना तिसऱ्या घंटेच्या बरेच आधी रंगमंचावर न्यायचं. खुर्ची, पोशाख, तलवार हाताळू द्यायची, पात्रांचे आवाज ओळखीचे करून द्यायचे. स्वमग्न मुलांच्या प्रयोगात पूर्ण अंधार करायचा नाही, आवाज खाली ठेवायचा, दार उघडं ठेवायचं. मूल उठलं, फिरलं, बाहेर जाऊन परत आलं तरी प्रयोग चालूच.

पार्किन्सन असलेल्या ज्येष्ठांचा वर्ग माझ्या भागीदारीणबाईंचा जीव की प्राण. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये 2001 साली मार्क मॉरिस डान्स ग्रुपनं असे वर्ग सुरू केले, त्यांच्यापासून आम्ही पुष्कळ घेतलं. या आजारात चालताना पाऊल अडतं, जमिनीला खिळल्यासारखं होतं. बाहेरून स्पष्ट ताल मिळाला की अनेकांना ते उचलणं सोपं जातं. आजार त्यानं बरा होत नाही आणि आम्ही तसं कुणाला सांगतही नाही. वर्ग खुर्च्यांवर बसून सुरू होतो, ज्यांना जमेल ते उभे राहतात. तिथे ते रुग्ण नसतात, नृत्य शिकणारे असतात. त्यामुळे हात चुकला तर बाई सोडत नाहीत! स्मृतिभ्रंश असलेल्यांकडून मात्र पाठांतर मागायचं नाही. एखादं चित्र समोर ठेवून “ही कुठे निघाली असेल?” असं विचारायचं. कुणी एक शब्द देतं, कुणी हावभाव, आणि त्यातून गोष्ट जुळत जाते.

कारागृहात परवानग्या, सामानाची यादी आत जाताना आणि बाहेर येताना तपासणं, दोर-धातू काही नाही. नेपथ्याशिवाय काम करायची सवय त्यामुळे पक्की झाली.

पैशाचं विचारणारे खूप भेटतात. उत्पन्नाचा मोठा भाग कंपन्यांच्या कार्यशाळा आणि फी परवडणाऱ्या शाळांचे वार्षिक वर्ग यांतून येतो. त्यावर बाकीचं काम उभं आहे. अनुदानं मिळतात, पण ती उशिरा येतात आणि पुढच्या वर्षी येतीलच असं नाही, म्हणून मानधन त्यांच्यावर सोडायचं नाही हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं. कलावंताला तालमीइतकेच तयारीचे आणि प्रवासाचेही पैसे मिळतात. संस्थांकडून झेपेल तेवढी फी घेतो. थोडी का होईना फी भरली की खोली रिकामी मिळते, वेळ पाळली जाते आणि आमच्या तासाला कुणी डॉक्टरांची तपासणी लावत नाही.

दिव्यांग आणि इतर नर्तकांना एकत्र घेणारी लंडनची कॅंडोको ही कंपनी 1991 साली सुरू झाली. व्हीलचेअरची फिरकी ही नृत्यातली स्वतंत्र हालचाल आहे, पायांच्या गिरकीची नक्कल नव्हे, हे तशा कामातून आम्हाला दिसलं. आमच्या वर्गात शिकलेली व्हीलचेअर वापरणारी एक तरुणी आता मानधनावर वर्ग घेते. घरकाम करणाऱ्या गटातल्या दोघी दुसऱ्या वस्तीतली तालीम सांभाळतात. वेळ दुपारचीच, मुलं सोबत आणायची मुभा.

सध्या शोध आहे तो सांकेतिक भाषा येणाऱ्या नटांचा, विशेषतः स्वतः कर्णबधिर असलेल्या नटांचा. पुढच्या सत्रापासून कर्णबधिर मुलांच्या शाळेतला वर्ग त्यांच्याच हाती द्यायचं ठरलं आहे.