पॉलिश कोणतं वापरता?

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीजवळ कुणी थांबलं की प्रश्न ठरलेला असतो. संभाजीनगरची पोरं विचारतात, “काका, पॉलिश कोणतं वापरता?” परभणी-बीडकडचे पाहुणे असले तर, “बाप्पा, काय लावलंय एवढं चकाकायला?” विचारणाऱ्याला बाटलीचं नाव हवं असतं. नाव सांगायला माझी ना नाही. बाजारातलं कुठलंही बरं मेटल पॉलिश चालतं. पण तेवढंच ऐकून माणूस घरी गेला आणि तासभर घासत बसला, तर बोटं काळी होण्यापलीकडं फार काही व्हायचं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहितो.

धातू चकाकतो तो सपाट झाल्यावर. गाडीच्या बाजूची धातूची पट्टी मळकी असेल तोवर तिच्यावरचा बारीक पोचा लपून राहतो. तीच पट्टी चकचकीत करा, की तिच्यात पडलेली उजेडाची सरळ रेघ बरोबर त्या पोच्यावर येऊन मोडते आणि चार पावलांवरून दिसते. म्हणून माझा सगळा वेळ ठोकण्यात आणि घासण्यात जातो. पॉलिश लावायची वेळ येते तेव्हा काम जवळजवळ संपलेलं असतं.

त्याच्याही आधी हातातला धातू ओळखावा लागतो. जुन्या गाडीवर जे चमकतं त्याला लोक सरसकट क्रोम म्हणतात. बंपर म्हणजे पोलादी पत्रा, त्यावर निकेल आणि निकेलवर क्रोमचा पापुद्रा. दारांची हॅण्डलं आणि नावाची अक्षरं बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असतात, वरून क्रोम. बाजूच्या पट्ट्या आणि काचेभोवतीची किनार कधी स्टेनलेसची, कधी अ‍ॅल्युमिनियमची. खिशात लोहचुंबक ठेवा. बंपरला तो चिकटतो, अ‍ॅल्युमिनियमला आणि जस्ताला चिकटत नाही. स्टेनलेसच्या काही जातींना चिकटतो, काहींना नाही, म्हणून तिथं पट्टी उलटी करून बघायची. मागून तांबूस गंज असेल तर आत लोखंड आहे. मागची बाजूही स्वच्छ असेल आणि हाताला वजन लागत असेल तर स्टेनलेस. वजनच लागलं नाही तर अ‍ॅल्युमिनियम. प्रत्येकाचा उपचार वेगळा, आणि एकाचा दुसऱ्याला केला तर वस्तू कायमची जाते.

स्टेनलेसवर माझा जीव आहे, कारण त्याला मुलामा नसतो. आतबाहेर एकच धातू, त्यामुळं कितीही ओरखडे असोत, ते काढता येतात.

जालन्याच्या एका मित्राच्या अ‍ॅम्बेसेडरची पट्टी घ्या. मागच्या दारावर सायकलचं हॅण्डल घासलेलं, अंगठ्याएवढा पोचा आणि पुढं वीतभर ओरखडा. असल्या पट्ट्या काढतानाच निम्म्या कामातून जातात. स्क्रूड्रायव्हर घालून एका टोकानं उचकटली की पट्टी दुमडते, आणि दुमडलेली जागा पुन्हा पूर्ण सरळ होत नाही. आम्ही दाराचं आतलं पॅड काढलं, जिथं हात पोचला तिथले नट आतून सोडले, रंगाला टेप लावली आणि लाकडी पाचरीनं एकेक क्लिप मोकळी करत गेलो.

पट्टी पालथी करून बाभळीच्या ठोकळ्यावर ठेवली. ठोकळ्यात पट्टीच्या गोलाईची खाच कोरलेली आहे. बोथट पंचाचं, म्हणजे ठोकायच्या पोलादी कांडीचं, टोक आधी घासून गुळगुळीत करून घ्यायचं, कारण पंचावर जो चरा असेल तो पत्र्यावर उमटतो. मग पोच्याच्या कडेपासून मध्याकडं हलक्या हातानं टकटक करत यायचं. मधोमध एकच जोराचा ठोका घालावा असं प्रत्येकाला वाटतं. तो घालायचा नाही. स्टेनलेस ठोकेल तसं कडक होत जातं, आणि ताणलेला पत्रा परत आक्रसत नाही; पोच्याच्या जागी टेंगूळ येतं.

नंतर पट्टी सुलटी करून त्या जागेवर काळा मार्कर फिरवला आणि बारीक कानस नुसती टेकवून नेली. उंच जागेची शाई गेली, खोलगट जागेची राहिली. राहिलेल्या शाईच्या मागून पुन्हा ठोकायचं, पुन्हा मार्कर, पुन्हा कानस. बोटाला अजिबात न लागणारी खोली ती शाई दाखवते. शाई सगळीकडून सारखी निघायला लागली की हातोडी खाली ठेवायची. या सगळ्या कामात मला सर्वांत आवडणारी वेळ ती.

पुढं वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा पॉलिश पेपर, भरपूर पाण्यासोबत: ३२०, ४००, ६००, ८००, १०००. नंबर मोठा तितका पेपर बारीक. दर नंबराला घासायची दिशा बदलायची, म्हणजे आधीच्या पेपरचे चरे आडवे उठून दिसतात आणि ते गेलेत की नाही हे कळतं. मधला नंबर गाळून वेळ वाचवू पाहणाऱ्याचे चरे बफवर उघडे पडतात, आणि मग मागं यावंच लागतं.

बफ म्हणजे मोटरवर बसवलेलं कापडाचं चाक. माझी मोटर साध्या बेंच ग्राइंडरची, मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेणारी. आधी सिसलचं, म्हणजे घायपाताच्या धाग्याचं, कडक चाक, मग मऊ सुती. स्टेनलेसला हिरवा साबण लावतात; साबण म्हणजे चाकाला लावायची पॉलिशची वडी, त्यात क्रोमियम ऑक्साइडची बारीक पूड असते. अ‍ॅल्युमिनियमला वेगळा साबण आणि चाकही वेगळंच. एकाच चाकावर दोन्ही धातू लावले तर एकाची घाण दुसऱ्यावर रेघा ओढते. हे मला वाळूजच्या एका कारागिरानं शिकवलं. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याला माल पुरवणारी वर्कशॉप्स आसपास उभी राहिली. तेव्हापासून बफिंग आणि प्लेटिंग, म्हणजे धातूचा मुलामा चढवणं, जाणणारे हात आपल्या भागातच आहेत. मोठं काम असेल तर खुशाल त्यांच्याकडं जा.

घरी करणार असाल तर एवढं ऐकाच. पट्टी चाकाच्या मध्यरेषेखाली धरा, आणि चाक पट्टीच्या कडेवरून बाहेर पडेल अशी धरा. कड चाकाच्या समोर आली की चाक पट्टी हिसकावून घेतं. लांब पातळ पट्टी त्या वेगानं उडाली तर काय होईल ते सांगायला नको. गळ्यात उपरणं नको, मनगटात दोरा नको, सैल हातमोजे नकोत. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच. शिवाय हात सतत हलता ठेवा. स्टेनलेसमधून उष्णता लवकर पसरत नाही. एका जागी थांबलात की पिवळा-निळा डाग पडतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या बऱ्याच पट्ट्यांवर कारखान्यातच अ‍ॅनोडायझिंगचा कडक थर विजेच्या प्रक्रियेनं चढवलेला असतो. तो असेपर्यंत कितीही घासा, पट्टी धुरकटच राहते. तो कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यानं काढावा लागतो. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. काम अंगणात, रबरी हातमोजे घालून, विडी-काडीपासून लांब करा, कारण फसफसताना निघतो तो हायड्रोजन. थर गेला की पट्टी सुरेख चमकते, पण उघडी पडल्यामुळं लवकर मंदही होते. तिला अधूनमधून मेण लावत राहावं लागतं.

क्रोमचं मात्र मनावर दगड ठेवून सांगतो: क्रोम घासू नका. तो थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. पेपर मारला की खालचं निकेल उघडं पडतं आणि बंपर पिवळट दिसू लागतो. पितांबरी चालेल का, असंही खूपजण विचारतात. ती तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी आहे, तिथंच राहू द्या. घासणीची लोखंडी तारही नको. बंपरवर गंजाचे ठिपके असतील तर स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चुरगळून पाण्यात बुडवा आणि हलकेच फिरवा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळं चरा न पडता गंज निघतो. मात्र पापुद्रे सुटले असतील तर पुन्हा प्लेटिंगला पर्याय नाही. जुना थर उतरवून, पत्रा सरळ करून, तांबं, निकेल आणि क्रोम असे थर चढवतात. जस्ताचं हॅण्डल असेल तर प्लेटिंगवाल्याला आधी सांगा. लोखंडासाठीच्या आम्लात बुडवलं तर ते खाल्लं जातं. क्रोमच्या टाकीतलं रसायन कर्करोगाला कारण ठरणारं आहे, म्हणून सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातच काम द्या, चार पैसे जास्त गेले तरी.

आपली कोरडी हवा या गाड्यांना मानवते. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात राहिलेली मुंबईची गाडी आणि लातुरात राहिलेली गाडी शेजारी उभी करा, बंपरच सांगतील. आपला त्रास बोअरच्या पाण्याचा. ते क्रोमवर वाळलं की क्षारांचे पांढरे डाग धरतात. गाडी उन्हात धुऊ नका, धुतल्याबरोबर कोरड्या फडक्यानं टिपा. डाग धरलेच तर पाणी घातलेलं व्हिनेगर लावून लगेच साध्या पाण्यानं पुसून घ्या. धूळ कधीही कोरडी पुसू नका, तिच्यात वाळूचे कण असतात.

“एवढं करण्यापेक्षा नवी पट्टी का टाकत नाही?” हा पुढचा प्रश्न. हे मॉडेल १९६४ मध्ये कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट डिलाइट म्हणून निघालं, पुढं त्याची पद्मिनी झाली, आणि तिचं उत्पादन थांबून वीस वर्षं उलटली. अ‍ॅम्बेसेडरचा उत्तरपाड्याचा कारखानाही २०१४ मध्ये बंद पडला. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक नव्या पट्ट्यांचा पत्रा पातळ, गोलाई जरा वेगळी. दारावर लावल्या की पुढच्या आणि मागच्या दाराची रेघ जुळत नाही. जुनी पट्टी त्या गाडीच्या मापानं बनलेली आहे आणि तिच्यात अजून पुष्कळ धातू शिल्लक आहे. ती फेकून देणं माझ्या हातून होत नाही.

बसवताना घाई नको. क्लिपच्या भोकांना आधी गंजरोधक रंग लावा, कारण पाणी दारात शिरतं ते तिथूनच. अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत लोखंडी स्क्रू थेट घालू नका, मध्ये प्लास्टिकचा वॉशर हवा. नाहीतर पावसाळ्यात त्या सांध्यात अ‍ॅल्युमिनियम पांढरं होऊन झिजतं. मधल्या क्लिपपासून दोन्ही टोकांकडं जा, नट आधी बोटांनीच फिरवा, आणि दोन्ही दारांची रेघ जुळल्यावरच पाना लावा.